वेल्डिंग मशीनवर घसारा (झिजेपोटी मिळणारी वजावट) मिळतो का? (४४एडीत, म्हणजे अंदाजे नफ्याच्या योजनेत, रिटर्न भरतो)

गेटवाला_कराड

नमस्कार मंडळी. कराडजवळ माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, खिडक्यांची ग्रिलं, जिन्याचं रेलिंग, पत्र्याच्या शेड. मी आणि हाताखाली दोन पोरं. गेल्या नोव्हेंबरात जुना ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात सरकवून मिग वेल्डिंग मशीन आणि प्लाझ्मा कटर घेतला. १,४०,००० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५,२०० चं पक्कं बिल. ४०,००० काउंटरवर रोख मोजले, बाकीचे १,२५,२०० त्याच दिवशी बँकेतून.

आता रिटर्न भरून देणारा पोरगा म्हणतो, "तुमचं ४४एडी आहे, मशीनचा काय संबंध?" शेजारचा लेथवाला म्हणतो, मशीन घेतलं की अख्खी रक्कम खर्चात टाकायची, टॅक्स संपला. कुणाचं ऐकू?

वर्षाचा धंदा १८ लाखांच्या आसपास. त्यातले ११ लाख खात्यावर येतात, ७ लाख रोख. माल, मजुरी, वीज, भाडं जाऊन साडेचारेक लाख सुटतात. दुसरी मिळकत काही नाही. शिवाय एका कंपनीची शेड केली, तिनं ३,६०,००० च्या बिलावर एक टक्का टॅक्स कापला. ते ३,६०० गेले का परत मिळतील?

एसीवाला_डोंबिवली

लेथवाल्याचं सोडा. रॉड, कटिंग व्हील, ड्रिल बिट, हातमोजे हे त्या वर्षीच्या खर्चात. मशीनला मात्र घसारा, वर्षाला १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. कॉम्प्युटरला ४० टक्के मिळतो, पण वेल्डिंग मशीन म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, कितीही डिजिटल डिस्प्ले असला तरी.

खतावणी

साताऱ्यात बरीच वर्षं गॅरेजवाले, सुतार, फॅब्रिकेटर यांचेच हिशेब बघतोय. तुमच्या रिटर्नवाल्या पोराचं बरोबर आहे, फक्त त्यानं नीट समजावलेलं नाही.

४४एडीत सरकार तुमचा नफा अंदाजानं धरतं. खात्यावर आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८. तुमच्या आकड्यांत ६६,००० अधिक ५६,०००, म्हणजे कमीत कमी १,२२,०००. सगळा खर्च, घसारासुद्धा, त्यात आधीच वजा झालाय असं कायदा मानतो. वेगळा मागता येत नाही. आणि पुढं कधी ४४एडी सोडून हिशेबाच्या वह्या लिहायला घेतल्या, तर मधल्या वर्षांचा घसारा मिळाला असं समजूनच मशीनची किंमत धरतात. मागचा साठवून ठेवता येत नाही.

आता समजा वह्या लिहिल्या, तर किती मिळेल? नोव्हेंबरात घेतलेलं मशीन ३१ मार्चपर्यंत १८० दिवस वापरलं जात नाही, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच घसारा, साडेसात टक्के. आणि ते ४०,००० रोख दिलेत ना? मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली, तर ती रक्कम मशीनच्या किमतीतच धरत नाहीत. म्हणजे हिशेब १,२५,२०० वर. घसारा ९,३९०.

त्यानं टॅक्स किती वाचेल? शून्य. साडेचार लाख नफ्यावर २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत पहिले ४ लाख मोकळे, वरच्या ५०,००० वर ५ टक्के म्हणजे २,५००, आणि तेही ८७ए च्या सवलतीत उडतात. १२ लाखांपर्यंत तसंच आहे. टॅक्सच नाही तर घसारा घेऊन वाचवणार काय? माझ्या टेबलावर लोक मशीनची बिलं आपटतात तेव्हा मी आधी एवढंच विचारतो, टॅक्स किती भरता?

३,६०० मात्र तुमचेच आहेत. २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सच्या सरकारी तक्त्यात, दिसतात का बघा. दिसत नसतील तर कंपनीला तुमचा पॅन बरोबर टाकायला लावा. रिटर्नमध्ये दाखवलेत की परत खात्यावर येतील.

गेटवाला_कराड

साहेब, एवढं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण पोरगा दरवर्षी नफा १,३०,००० च्या आसपासच टाकतो. चालतं का ते?

खतावणी

६-८ टक्के ही खालची रेघ आहे. प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्तच दाखवायचं. तुमच्या बाबतीत कमी दाखवून एक रुपयाही वाचत नाही, मग कशासाठी?

एसीवाला_डोंबिवली

कर्जाच्या वेळी कळतं ते. टेम्पोसाठी बँकेत गेलो तर मॅनेजरनं आधी तीन वर्षांची रिटर्नं मागितली. महिन्याला अकरा हजार कमावणाऱ्याला सात लाख कोण देईल? दादा, खरा आकडा टाका.

गेटवाला_कराड

पुढच्या वर्षी पत्रा वाकवायचं मशीन घ्यायचा विचार आहे, चार लाखांच्या घरात जाईल. मग ४४एडी सोडू का?

खतावणी

नफा पंचवीस टक्के असताना सोडून काय मिळणार? नफा खरोखर ६-८ टक्क्यांच्या खाली गेला तर वह्या लिहिण्यात अर्थ आहे. पण तसा कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं आत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं. ऑडिटची फी विचारून बघा, मशीन स्वस्त वाटेल.

तुम्ही बघायला हवं ते जीएसटीकडं. १८ लाखांवर आहात. माल घेऊन जागेवर शेड उभी करून देणं हे सेवेत मोडतं आणि सेवेला जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची. एक मोठं काम आलं की ओलांडाल. नोंदणी नसताना घेतलेल्या मशीनवरचा जीएसटी नंतर नोंदणी करून परत मिळत नाही, तेव्हा पडून असलेल्या मालावरचाच मिळतो. चार लाखांवर १८ टक्के म्हणजे ७२,०००. नोंदणी होणारच असेल तर ती आधी, मशीन मागून. बिलावर तुमचा जीएसटी नंबर पाहिजे. आणि जी जीएसटी परत घेतली ती मशीनच्या किमतीत पुन्हा धरायची नाही.

गेटवाला_कराड

पण घरगुती गिऱ्हाईक वर १८ टक्के ऐकलं की पुढच्या दुकानात जातं.

खतावणी

जातं, खरं आहे. म्हणून मर्यादा ओलांडायच्या आत हौसेनं नोंदणी करा असं मी कुणाला सांगत नाही. कामं कंपन्यांची जास्त की घरांची, त्यावर ठरवा. कंपनीला बऱ्याच कामांवरचा जीएसटी परत मिळतो, तिथं तिला फरक पडत नाही; जागेवर उभारलेल्या शेडवरचा मात्र सहसा मिळत नाही. दिवाळीपर्यंतची बिलं जोडून बघा, १५ लाखांच्या पुढं गेलात तर मशीनची ऑर्डर देण्याआधी एकदा येऊन भेटा. आणि या खेपेला काउंटरवर रोख मोजू नका.