मदत हवी आहे : ३५ अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी वापरलेला गोल बेलर कोणता घ्यावा?

भातखाचर
नमस्कार. माझ्याकडे ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर आहे आणि मला वापरलेला गोल बेलर, म्हणजे गवत-पेंढ्याच्या गोल गाठी बांधणारे यंत्र, घ्यायचे आहे. एकाच विक्रेत्याकडे दोन यंत्रे पाहिली. एक परदेशी बनावटीचे असून चार फूट व्यासाची गाठ बांधते, तर दुसरे छोटे, साधारण दोन फूट व्यासाची गाठ बांधणारे आहे. किमतींत फारसा फरक नाही. तेवढ्याच पैशांत मोठे यंत्र मिळत असेल तर ते का सोडावे, असे मला वाटते. विक्रेता रविवारपर्यंत इसार मागतो आहे. दोहोंपैकी कोणते घ्यावे, एवढेच कृपया सांगावे.

रब्बी_खरीप
आपण गाठी कशाच्या बांधणार आहात, हेच लिहिलेले नाही. भाताचा पेंढा, गवत, सोयाबीनचे कुटार आणि उसाचे पाचट यांची तऱ्हा वेगवेगळी असते. शेत कुठे आहे, आणि बांधलेली गाठ उचलणार कोण? चार फुटी गाठ सुक्या गवताची असली तरी सहज दोनशे किलोच्या वर जाते.

भातखाचर
पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका. मुख्य माल माळरानावरचे गवत, ते मुंबईकडच्या तबेल्यांना जाते. थोडा भाताचा पेंढाही आहे. उचलायला माणसेच आहेत. पण माझा प्रश्न ट्रॅक्टर यंत्र ओढेल का, एवढाच आहे.

रब्बी_खरीप
मग मोठे यंत्र आजच मनातून काढून टाका. ते रिकामेच दीड टनाच्या आसपास असते, आणि गाठ भरत आली की पीटीओवरचा (यंत्राला इंजिनची शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावरचा) भार वाढत जातो. इंजिन ३५ अश्वशक्तीचे असले तरी पीटीओवर त्यातील साधारण ८५ टक्केच, म्हणजे तिसाच्या आसपास शक्ती मिळते, आणि जुन्या इंजिनात तीही पूर्ण उरलेली नसते. शिवाय खाचरांच्या बांधांमधून एवढे धूड वळवणार कुठे?

गोठा_सांगली
मी तीन हंगाम छोट्या गोल बेलरने उसाचे पाचट बांधतो आहे. गाठ वीस-पंचवीस किलोची होते आणि एक माणूस ती ट्रॉलीत टाकतो. छोटाच घ्या. पाचटात दगड-माती फार येते म्हणून पिकअपचे (जमिनीवरचा माल उचलून आत घेणाऱ्या भागाचे) दात दर हंगामात बदलावे लागतात, हे मात्र लक्षात ठेवा.

गवत_वखार
गोल बेलरचा नादच सोडा, असे माझे स्पष्ट मत आहे. तबेल्याचा माल ट्रकने जातो, आणि गोल गाठींमध्ये मोकळी जागा राहत असल्याने ट्रक वजनाने भरण्याआधी उंचीनेच भरतो. चौकोनी गाठी विटांसारख्या रचता येतात. गवताच्या धंद्यात मी पंधरा वर्षे आहे. वापरलेला चौकोनी बेलर शोधा.

जुना_गॅरेजवाला
वखारवाल्या भाऊंचे रचण्याविषयीचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ३५ अश्वशक्तीच्या हलक्या ट्रॅक्टरला चौकोनी बेलर लावण्याचा सल्ला मला मान्य नाही. त्यातील दट्ट्या प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो आणि तो धक्का झेलण्यासाठी जड फ्लायव्हील (फिरते वजनदार चाक) असते. ट्रॅक्टर सिंगल क्लचचा असेल तर क्लच दाबल्यावरही ते फ्लायव्हील फिरतच राहून पीटीओमार्गे गिअरबॉक्सला आणि पर्यायाने चाकांना पुढे ढकलते. बांधाच्या टोकाशी हे फार धोक्याचे आहे. एका दिशेनेच शक्ती देणारी कपलिंग बसवून हा दोष जातो, पण धक्के कायम राहतात.

खरा प्रश्न अश्वशक्तीचा नसून क्लचचा आहे आणि तोच धागाकर्त्याने सांगितलेला नाही. ट्रॅक्टर सिंगल क्लचचा आहे की डबल? टिपिंग ट्रॉलीसाठी हायड्रोलिक पाइप जोडायची सोय आहे का?

यंत्र_माहिती
वापरलेले घेण्यापेक्षा राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून नवे यंत्र घ्यावे. सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के आणि अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान असते, मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये.

भातखाचर
अनुदानाविषयी मी विचारले नव्हते. गवत कापणी तीन आठवड्यांवर आली आहे आणि तोवर मंजुरी येणे शक्य नाही. क्लच सिंगल आहे. हायड्रोलिकची फक्त लिफ्ट आहे, बाहेर पाइप काढलेला नाही. याने इतका काय फरक पडतो?

जुना_गॅरेजवाला
फार फरक पडतो, दादा. गोल बेलरमध्ये गाठ भरली की ट्रॅक्टर जागीच थांबवायचा असतो, पण सुतळी गुंडाळली जाईपर्यंत पीटीओ फिरत राहावा लागतो. डबल क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात आणि पीटीओ चालू राहतो. तुमच्याकडे पेडल दाबताच दोन्ही थांबतील, आणि तोंडाशी आलेले गवत तिथेच अडकेल. यावर उपाय आहे, पण हाताला वळण लागावे लागते : गाठ भरत आली की ओळीतून किंचित बाजूला, मोकळ्या जमिनीवर या, क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा, मग क्लच सोडा, म्हणजे पीटीओ पुन्हा फिरून सुतळी गुंडाळली जाईल.

छोट्या यंत्राचे मागचे दार हायड्रोलिकने उघडते की यांत्रिक पद्धतीने, हे विक्रेत्याला विचारा. हायड्रोलिकचे असेल तर टिपिंग ट्रॉलीसाठी बसवतात तसा व्हॉल्व्ह आधी गावच्या मिस्त्रीकडून बसवून घ्या, आणि तो खर्च किमतीत धरा.

रब्बी_खरीप
एक गोष्ट कोणीच विचारली नाही. भात झोडणीसाठी खळ्यावर नेत असाल तर पेंढा शेतात ओळीत पडलेला नसतो. मग लोक उभ्या बेलरला हाताने पेंढा भरवतात.

गोठा_सांगली
तसे कदापि करू नका. आमच्या शेजारच्या गावात एका मुलाने चालू पिकअपपुढे अडकलेला पेंढा ओढायला हात घातला आणि त्याची तीन बोटे गेली. तेव्हापासून मी चालकाला पीटीओ बंद केल्याशिवाय खाली उतरू देत नाही.

भातखाचर
हे मी कधीच विसरणार नाही. गवत ओळीत पडते. खळ्यावरच्या पेंढ्याचा विचार सोडून देतो. छोटे यंत्रच घेईन. दाराला हायड्रोलिकच आहे, आताच फोन करून विचारले. तपासताना काय पाहू?

जुना_गॅरेजवाला
रोलर हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐका. साध्या बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि ती बाजारात मिळते, पण झिजलेला रोलर त्याच मापाचा मिळवणे कठीण जाते. चेनच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेन आणि चक्रे दोन्ही बदलावी लागतील. सुतळीचा हात आणि कापणारे पाते नीट पाहा. अर्धवट बांधलेली गाठ ट्रकमध्ये सुटते. पावसात उभे राहिलेले यंत्र आतल्या पत्र्याच्या गंजावरून ओळखू येते.

गवत_वखार
आणि गवत दहिवर सुकल्यावरच बांधा. ओलावा १५ ते १८ टक्क्यांच्या वर असलेली गाठ आतून तापते, बुरशी धरते, आणि तबेलेवाला सगळा ट्रक परत पाठवतो. मी चौकोनीच म्हणेन, पण तुमच्या ट्रॅक्टरला ते झेपणार नाही हे मान्य करतो.

भातखाचर
रविवारी माझाच ट्रॅक्टर आणि अर्धी ट्रॉली गवत घेऊन जातो. व्हॉल्व्ह तोपर्यंत बसणार नाही, म्हणून दार विक्रेत्याच्या ट्रॅक्टरवर तपासेन. माझ्या ट्रॅक्टरवर यंत्र फिरले आणि गाठ घट्ट आली, तरच इसार देईन.

जुना_गॅरेजवाला
पीटीओच्या टोकापासून यंत्राच्या टोकापर्यंतचे अंतर सरळ उभे असताना आणि पूर्ण वळलेले असताना, दोन्ही वेळा मोजा. दोहोंना जोडणारा शाफ्ट लांब पडला तर वळताना गिअरबॉक्समध्ये घुसतो, आणि आखूड पडला तर चालू असतानाच निसटतो. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण नसेल तर ते विक्रेत्याकडून मागून घ्या.