“तुमचा विश्वास कमी पडतोय” हे आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलू नये

नेवाशाची लेक

जय ख्रिस्त. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते.

माझे पप्पा तीन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. पहाटेच्या एसटीनं नगरला जायचं, दुपार कलल्यावर परत यायचं. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत असेल, हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, मांडीवर मांजर घुरघुरावं तशी. ती थांबली म्हणजे फिस्टुला बंद पडला. पप्पा रात्री उठून डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून बसायचे. त्यांना दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्याची मुभा होती, म्हणून मी स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज न करता पाणी प्यायचे, आणि परत येताना ते अंधारात तसेच बसलेले दिसायचे. एकदा म्हणाले, “बाळा, भीती वाटते गं.” चाळीस वर्षं रविवार शाळा घेतलेला माणूस.

त्याच आठवड्यात एका प्रार्थना गटाची मंडळी घरी आली. नारळपाणी घेऊन आली, गाणी म्हटली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. निघताना त्यांच्यातले एक भाऊ पप्पांना म्हणाले, “तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय. काही कबूल करायचं राहिलंय का, तपासून पाहा.”

त्यानंतर पप्पांनी भीतीचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं की “प्रभूच्या कृपेनं बरं आहे.” मलाही तेच उत्तर. रात्री मनगट धरून बसणं मात्र सुटलं नाही. पुढचे आठ महिने, म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत, ते एकटेच घाबरत राहिले. हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. भीती वाटणं हा अविश्वास नाही. पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, आणि हा प्याला टळावा असं तो बापाजवळ मागत होता. वधस्तंभावर त्यानं विचारलं, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” ज्याला ऐकणारा कुणी आहे असं वाटतच नाही, तो हा प्रश्न विचारील कुणाला? बायबलमधलं ८८वं स्तोत्र उघडून बघा, ते अंधारातच संपतं. शेवटी “तरी मी स्तुती करीन” असंही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय. पप्पांना त्या दिवशी कुणीतरी हे स्तोत्र वाचून दाखवायला हवं होतं. मीच वाचायला हवं होतं.

निवृत्त पाळक

ताई, जय ख्रिस्त. तुमच्या वडिलांशी जे झालं ते चूकच. पण तुम्ही त्यावरून जे शिकवू पाहता ते मला पटत नाही, आणि स्पष्टच सांगतो.

“भिऊ नको” हा शास्त्रात सल्ला नाही, आज्ञा आहे. अब्राहामाला, यहोशवाला, मरीयेला, मेंढपाळांना, सगळ्यांना तेच सांगितलंय. वादळात शिष्य ओरडले तेव्हा येशूनं त्यांना विचारलं, “तुम्ही असे भित्रे कसे? तुम्हांला विश्वास कसा नाही?” त्यानं त्यांच्या भीतीचं कौतुक केलं नाही.

१९७२च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, आम्ही भावंडं सुकडीसाठी रांगेत. घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, घशाखाली उतरायच्या नाहीत. वडील नव्हते. रात्री आम्ही रडायला लागलो की आई म्हणायची, “भ्यायचं नाही. बाप वरून बघतोय.” एवढंच. तिनं आम्हाला भीती मोकळी करायला सांगितलं असतं तर आम्ही सहाच्या सहा भावंडं त्या भीतीत बुडालो असतो. आजकाल जो तो आपल्या मनाला काय वाटतं ते सांगत बसतो. आमच्या लोकांना उभं केलं ते देवाच्या वचनानं. ते बोलायला आम्ही लाजायचं का?

नेवाशाची लेक

काका, तुमच्या आईच्या शब्दांबद्दल मला एक अक्षरही वावगं बोलायचं नाही. पण हे म्हणताना तिच्या स्वतःच्या हाताला खडीचे फोड होते. ती तुमच्याच अंथरुणात झोपत होती. आमच्याकडे आलेले भाऊ पंधरा मिनिटं बसले आणि मोटारसायकलवर निघून गेले. “भिऊ नको” याच्या पाठोपाठ शास्त्रात अनेक ठिकाणी “कारण मी तुझ्याबरोबर आहे” असं येतं. पहिलं म्हणायचं आणि दुसरं सोडून जायचं, हे मला चालत नाही.

पाचूबंदरचा

मी वसईचा कोळी ख्रिस्ती, कॅथोलिक. वादळाचा विषय निघाला म्हणून बोलतो. माझा जन्म बोटीवरच गेला.

त्या शिष्यांत चौघं तरी मच्छीमार होते. मच्छीमार उगाच घाबरत नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, घाबरला म्हणजे काहीतरी खरंच बिघडलंय. माझ्या बाबांनी मला शिकवलं, ज्याला दर्याची भीती नाही त्याच्या बोटीवर चढू नकोस. भीती असते म्हणून माणूस वाऱ्याकडे बघतो, वायरलेस ऐकतो, वेळेत मागं फिरतो. एकदा इंजिन बंद पडून आम्ही अख्खी रात्र लाटांवर काढली. मी जपमाळ धरली होती आणि हात इतके थरथरत होते की मणी मोजता येईना. दहाचे बारा झाले की आठ, देव जाणे. त्या रात्री मी अविश्वासी होतो असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही.

आणि पाळकसाहेब, येशूनं वारा आधी थांबवला. शिष्यांना विचारलं ते नंतर. बुडत्याला त्यानं आधी लेक्चर दिलं नाही.

निवृत्त पाळक

भाऊ, मार्काच्या शुभवर्तमानात तसं आहे. मत्तयाच्या आठव्या अध्यायात उलट क्रम आहे. तिथं आधी “अहो अल्पविश्वासी, तुम्ही का भ्यालात?” आणि मग उठून वाऱ्याला दटावलं. तेव्हा क्रमावर एवढी मोठी इमारत बांधू नका.

पण एक आहे. दोन्हीकडे तो त्याच मचव्यात होता. ताईंचं म्हणणं मला आता थोडं कळतंय.

पाचूबंदरचा

मत्तयाचं माझ्या ध्यानात नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

आत्म्याची साक्ष

प्रभूची स्तुती असो! हे सगळं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही सगळे देवाला मर्यादा घालताय. माझ्या आईच्या पोटात गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती. आम्ही एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली आणि पुढच्या सोनोग्राफीत गाठ नव्हती. रिपोर्ट घरी आहेत, कुणीही बघावेत. याकोबाच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. “भीती चालते, शंका चालते” असं शिकवत गेलात तर उद्या आपल्या मंडळीत कुणी आरोग्यासाठी मागणारच नाही. मी आईच्या खाटेजवळ शंकेचा शब्दही येऊ दिला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

वॉर्डातली सिस्टर

दादा, तुमच्या आईला आरोग्य मिळालं याचा मनापासून आनंद आहे. मीही ड्यूटीवर जाण्याआधी रोज प्रार्थना करते, रुग्णासाठी मागते आणि मिळतं असा माझा अनुभव आहे.

पण आमच्याकडे चौदा वर्षांचा मुलगा आला होता. लहानपणापासूनचा मधुमेह, इन्सुलिनवर. एका सभेत त्याच्या आईवडिलांना कुणीतरी सांगितलं की आता इंजेक्शन देणं म्हणजे देवावर संशय घेणं. त्यांनी बंद केलं. चौथ्या दिवशी पोर बेशुद्ध, श्वास खोल आणि जोरजोरात, तोंडाला कुजक्या फळासारखा वास. वाचला. तो शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला ते मी विसरणार नाही. “सिस्टर, मी नीट विश्वास ठेवला नव्हता का?”

त्या पोराच्या डोक्यात हे कुणी घातलं? पौलाबरोबर तर लूक नावाचा वैद्य होता. तीमथ्याच्या पोटासाठी पौलानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि त्याचा सोबती त्रफिम आजारी होता त्याला मिलेतात ठेवून पुढं गेला. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं पौल कुठं म्हणतो?

निवृत्त पाळक

साक्ष देणाऱ्या तरुण भावासाठी. तुम्ही याकोबाचं वचन अर्धं दिलंत. त्याच्या आधीच्या ओळीत दुखणाइतानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी प्रार्थना करावी असं आहे. म्हणजे तिथं विश्वासाची प्रार्थना करायची ती वडिलांनी. आजाऱ्यानं फक्त बोलावणं पाठवायचं. कुणाच्या विश्वासात कमी काढायचीच असेल तर ती माझ्यासारख्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याच्या विश्वासात काढा.

मी इथं ताईंच्या विरोधात लिहायला आलो होतो, अजूनही अर्धा विरोधातच आहे. पण आजाऱ्याला दोषी ठरवणं हे शास्त्रात बसत नाही, ते मी माझ्या मंडळीतही चालू दिलं नाही.

केडगावचा वाचक

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथं यायलाच हवं. माझी आजी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली.

रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गेली. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये कॉलऱ्यानं नवरा. पदरात मनोरमा, एक वर्षाचीही धड नाही. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्त मला खऱ्या अर्थानं सापडला तो त्यानंतर आठ वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आठ वर्षं! आणि त्या काळात त्यांनी शारदासदन सुरू केलं, विधवा मुलींना घरात घेतलं. म्हणजे मनातलं सगळं जुळून येईपर्यंत त्या हात बांधून बसल्या नव्हत्या.

दुसरं असं की इंग्लंडमध्येच त्यांना ऐकू येणं कमी झालं, त्यामुळे डॉक्टर व्हायचा विचार सोडावा लागला. १९०५मध्ये मुक्तीत मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, आली, जगभरातून लोक बघायला आले. त्या संजीवनाच्या घरधनिणीचे कान मात्र तसेच राहिले. १९२१मध्ये मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं भाषांतर रमाबाईंनी सोडलं नाही, पुढच्या वर्षी स्वतः जाईपर्यंत. अशा बाईला “विश्वास कमी पडला” म्हणायची कुणाची छाती आहे?

आत्म्याची साक्ष

रमाबाईंबद्दल आदर आहेच. मी कुणाला इन्सुलिन बंद करा म्हटलेलं नाही, सिस्टर, तो आरोप माझ्यावर नको. पण मी जे पाहिलं ते पाहिलं. देव आजही बरं करतो, आणि हे मोठ्यानं मागायचं मी थांबवणार नाही.

नेवाशाची लेक

भाऊ, थांबवूही नका. पप्पांसाठी मीही तीन वर्षं तेच मागितलं. प्रत्येक वेळी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट उघडताना मागितलं.

आता देवळात न जाणारा

मी सहसा इथं बोलत नाही. माझी बायको कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली, एप्रिल २०२१. ऑक्सिजन बेडसाठी मी अकरा तास फोन करत होतो. प्रार्थनाही करत होतो. बेड मिळाला, तोवर उशीर झाला होता.

तुम्ही सगळे म्हणता देवाजवळ तक्रार करा, तो ऐकतो. ऐकून काय करतो? माझा तुमच्यावर राग नाही. पण घाबरलेल्या माणसाला “तो ऐकतोय” म्हणणं आणि “विश्वास वाढवा” म्हणणं, यात मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे उत्तर येत नाहीच.

नेवाशाची लेक

दादा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पप्पाही गेलेच. बळेबळे काही जोडून देत नाही.

मला एवढंच सांगता येतं की जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या मनगटावर ठेवला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा. मी विचारलं, भीती वाटते का? मान हलवली. मग दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” इथं ते थांबले आणि बराच वेळ गप्प राहिले. मी घाई केली नाही. मग पुढचं म्हटलं. त्यांच्या भरवशाबद्दल मला शंका नाही ती त्या थांबण्यामुळे. तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा आग्रह नाही.

आता देवळात न जाणारा

नाही, पुरेसं नाही. पण लिहिलंत ते बरं केलंत.

वॉर्डातली सिस्टर

दादा, त्या एप्रिलमध्ये मी वॉर्डात होते. आम्हीसुद्धा फोन लावत होतो. तुमच्या बायकोसाठी आज प्रार्थना करणार आहे, तुम्हाला चालत असेल तर.

आता देवळात न जाणारा

करा.

निवृत्त पाळक

ताई, एक विचारायचं होतं. माझ्या जुन्या मंडळीतल्या एका गृहस्थांचं डायलिसिस परवा मंगळवारपासून सुरू होतंय. माझ्याहून लहान आहेत, फार घाबरलेत असं त्यांची पत्नी फोनवर म्हणाली. मी जाणार आहे. ईयोबाचे मित्र आधी सात दिवस सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसले होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. तेव्हा मी बोलणार नाही फारसं. पण रिकाम्या हातानं कसं जाऊ? काय न्यावं?

नेवाशाची लेक

काका, फळं नेऊ नका. केळी, मोसंबी, नारळपाणी तर मुळीच नको, त्यातलं पोटॅशियम त्यांच्या हृदयाला घातक असतं. आमच्याकडे आलेलं नारळपाणी मी मोरीत ओतलं होतं.

मशीनवर फार थंडी वाजते. एक जाडसर शाल न्या. ज्या हाताला सुया लावल्यात तो हलवता येत नाही, म्हणून खुर्ची दुसऱ्या बाजूला घ्या. दुसऱ्या तासानंतर पायात गोळे येतात, तेव्हा पाय दाबून दिलेले चालतात का ते सिस्टरला विचारा. आणि चार तास काढून जा, मध्येच उठू नका.