लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेतले, तर गिऱ्हाईक तुटेल की वाढेल?

पेठेतला_हिशेब

पुण्यात रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावायचं म्हटलं की व्यापारी पेठांतून विरोध ठरलेला. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध झाला, मग मोजक्या रस्त्यांवर प्रायोगिक अंमल करायचं ठरलं आणि विषय रेंगाळला. विरोधामागचं कारण एकच: फुकट जागा गेली की गिऱ्हाईक मॉलकडे वळेल.

माझं मत बरोबर उलटं आहे. फुकट जागा गिऱ्हाइकाला मिळतच नाही. दुकानं साडेदहाच्या सुमारास उघडतात. मालक आणि कामगार त्याआधी येतात आणि दारासमोरची सगळ्यात मोक्याची जागा त्यांच्याच गाड्या धरतात, थेट रात्री नऊपर्यंत. एका चारचाकीच्या जागेचा हिशेब करा. सकाळी दहा ते रात्री नऊ म्हणजे ६६० मिनिटं. जागा ८५ टक्के वेळ भरलेली आणि प्रत्येक गाडी सरासरी ४० मिनिटं थांबते असं धरलं, तर त्याच जागेत १४ गिऱ्हाइकं येऊन जातात. मालकाची गाडी उभी राहिली तर शून्य. शुल्क लावायचं ते या उलाढालीसाठी. तिजोरीचा विचार नंतर.

जगातला पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसला, तो व्यापाऱ्यांच्याच तक्रारीमुळे. बाजारपेठेत नोकरीला येणारे लोक दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि खरेदीला आलेल्यांना जागा उरत नसे. दर होता तासाला पाच सेंट.

कापडबाजार

हिशेब बरोबर, पण ४० मिनिटांचं गिऱ्हाईक कोणतं ते सांगा. लक्ष्मी रस्त्याचा खरा धंदा लग्नाच्या बस्त्यावर आणि सोन्यावर चालतो. सासवड, भोर, शिरूरकडून एका गाडीत पाच-सहा माणसं येतात. साड्या बघायच्या, ब्लाऊजपीस जुळवायचे, मानपानाचे आहेर काढायचे, मग सराफाकडे जायचं. चार तास सहज जातात. तासागणिक चढणारा दर लावला तर सगळ्यात मोठी खरेदी करणाऱ्यालाच सगळ्यात जास्त भुर्दंड. त्याचं लक्ष साडीपेक्षा घड्याळाकडे राहिलं की घासाघीस अर्धवट सोडून माणूस उठतो.

दुसरं टोक तुळशीबागेचं. दीडशे रुपयांचा झारा-पळीचा सेट घ्यायला आलेल्या बाईकडून पार्किंगचे दहा रुपये घेतले, तर तिच्यासाठी ती जवळपास सात टक्के दरवाढ झाली. ती उपनगरातल्या भांड्यांच्या दुकानात जाईल.

आणि वसुली कोण करणार? ठेकेदाराचा माणूस. पावतीवर पाच, हातात दहा, आणि तक्रार केली तर गाडी भिंतीला खेटून कोंबलेली. हा राग गिऱ्हाईक दुकानावरच काढतं.

नकाशेकरी

कापडबाजार, बस्त्याचा मुद्दा मोलाचा आहे, पण त्याचं उत्तर फुकट रस्ता हे नव्हे. चार तासांची गाडी रस्त्यावर उभी राहायलाच नको, ती वाहनतळात जायला हवी. मंडईला महापालिकेचे बहुमजली वाहनतळ आहेत. तिथून लक्ष्मी रस्ता तीन-चारशे मीटर, म्हणजे पाच मिनिटांची चाल. आज घोळ असा आहे की वाहनतळात पैसे पडतात आणि रस्ता फुकट. मग माणूस आधी रस्त्यावर दोन फेऱ्या मारतो आणि नाइलाज झाला तरच वाहनतळात शिरतो. त्या फेऱ्यांमुळेच कोंडी होते.

म्हणून पहिला नियम: रस्त्यावरचा दर वाहनतळापेक्षा नेहमी चढा. उदाहरणार्थ रस्त्यावर चारचाकीला तासाला ४० आणि वाहनतळात चार तासांना मिळून ४० ठेवा. बस्तेवाला आपणहून वाहनतळात जाईल, आणि रस्त्यावरची जागा चष्मा दुरुस्त करून घ्यायला किंवा शिवायला टाकलेला ब्लाऊज न्यायला आलेल्यासाठी मोकळी होईल.

सॅन फ्रान्सिस्कोत २०११ ते २०१३ या काळात ‘एसएफपार्क’ नावाने याचा प्रयोग झाला. पार्किंग मीटर बसवलेल्या सुमारे ७,००० जागा आणि १४ वाहनतळ त्यात होते. जागा ६० ते ८० टक्के भरलेली राहावी एवढंच उद्दिष्ट. साधारण दर आठ आठवड्यांनी आकडे बघून दर थोडा वर किंवा खाली न्यायचे. शेवटी सरासरी दर मीटरवर आणि वाहनतळात, दोन्हीकडे उतरला, कारण गर्दीच्या गल्ल्या महागल्या तशा रिकाम्या गल्ल्या स्वस्त झाल्या. दर ठरवून टाकला आणि पाच वर्षं विसरला, की हा फायदा मिळत नाही.

कापडबाजार

तिथे मीटरसमोर मोटार उभी राहते. इथे दुचाकी आहेत, आणि सगळं तिथेच फसतं. दुचाकी काटकोनात लावल्या तर एकीला ८० सेंटिमीटर लागतात. १०० मीटर कडेला १२५ दुचाकी. तासाला तीन रुपये दर धरा, दहा तास, ८० टक्के भरलेलं. दिवसाला ३,००० रुपये जमतात. एवढ्या गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायला निदान दोन माणसं लागतात. दोघांचा रोज, मशीन, कागद, देखरेख काढली तर निम्म्याहून जास्त तिथेच संपतं. ठेकेदार ही तूट कशी भरून काढतो? बारा गाड्यांच्या जागेत वीस कोंबून. मग मधली स्कूटर काढायला बाईला अर्धा तास लागतो. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या खेपेला ती येत नाही.

पेठेतला_हिशेब

दुचाकीचं गणित मान्य. म्हणूनच महसूल हा उद्देश ठेवू नये असं म्हटलं. ठेकाही महसुलातल्या हिश्श्यावर देऊ नये. ठरावीक मासिक रक्कम द्यावी आणि ती गाड्यांसाठी आखलेले कप्पे नीट राहण्यावर, पावत्यांच्या अचूकतेवर बांधावी. हिश्शावर दिला की कोंबाकोंबी आलीच.

‘पहिली ३० मिनिटं फुकट’ ही मागणी वारंवार येते. ती चांगली आहे, पण कागदी पावतीवर चालत नाही. दुकानातला पोरगा दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन नवी पावती करून घेतो आणि गाडी दिवसभर तिथेच. इलाज एकच, हातातल्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकायचा आणि तोच नंबर त्या रस्त्यावर तीन तासांत पुन्हा आला तर फुकट अर्धा तास लागू होऊ द्यायचा नाही. यूपीआयचा कोड मशीनच्या पडद्यावर यावा, माणसाच्या गळ्यातल्या कार्डावर नको. गळ्यातला कोड कोणाच्या खात्याचा आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

मालाचा_टेम्पो

सगळे गिऱ्हाइकाबद्दल बोलताहेत, मालाबद्दल कोणी नाही. कापडाच्या गाठी आणि साड्यांचे गठ्ठे येतात छोट्या टेम्पोने. त्याला कडेला जागा नसते, म्हणून तो दुसऱ्या रांगेत उभा राहतो, हमाल माल उतरवेपर्यंत एकेरी रस्त्याची एक पट्टी बंद. दर १०० मीटरला सहा-सहा मीटरचे दोन कप्पे फक्त मालासाठी रंगवा. सकाळी साडेदहापर्यंत मोफत, दुपारी दोन ते चार २० मिनिटांची मर्यादा, बाकी वेळ दुचाकींसाठी. कप्पा दुकानाच्या दाराशी नको, गल्लीच्या तोंडापासून पाच मीटर सोडून हवा, म्हणजे हातगाडी फिरवता येते.

वाड्यातली_खिडकी

पैसे फक्त लक्ष्मी रस्त्यावर लावले तर गाड्या नारायण, शनिवार, सदाशिव पेठेच्या बोळांत शिरतील. जुन्या वाड्यांना पार्किंग नाही, राहणाऱ्यांच्या गाड्या आधीच गल्लीत. शुल्काची हद्द निदान ३०० मीटर आत न्यावी लागेल. रहिवाशांना घरटी एक पास द्यावा, रात्री नऊ ते सकाळी नऊ पूर्ण मोफत. पास आरसी आणि वीजबिल बघूनच द्यावा, नाहीतर ते दुकानांच्या नावावर निघतील आणि आपण पुन्हा पहिल्या ठिकाणी.

आणि दंडाचा आकडा चुकवू नका. मुंबईत जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावल्यास मोटारीला १०,००० रुपये दंड सुरू केला होता. एवढा मोठा आकडा पाहून लोक भांडायला उभे राहतात, आणि कारवाई करणाराही हात आखडतो. रोज, हमखास लागणारा छोटा दंड जास्त काम करतो.

पायी_पायी

एक साधी गोष्ट आधी करा: मोजा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना विचारलं होतं की तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात. त्यांचा अंदाज होता ४१ टक्के. प्रत्यक्ष मोजलं तर २२ निघाले. दुकानदार खोटं बोलत नव्हते; मोटारीने येणारा पार्किंगबद्दल तक्रार करतो, बसने आलेला गप्प खरेदी करून जातो, म्हणून पहिला लक्षात राहतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं, त्यामुळे जुने अंदाज तसेही कालबाह्य आहेत. दुकानाच्या दारात तीन प्रश्न विचारा: कसे आलात, किती रुपयांची खरेदी केलीत, महिन्यातून किती वेळा येता. तिसरा प्रश्न सोडू नका. मोटारवाला एका खेपेला जास्त खर्च करतो, पण पायी आणि बसने येणारा जास्त खेपा करतो, महिन्याची बेरीज वेगळं चित्र दाखवू शकते. एक साधा मंगळवार, एक शनिवार आणि दिवाळीआधीचा एक रविवार, तिन्ही दिवस घ्या. फक्त दिवाळीत मोजलंत तर सगळा रस्ता भरलेला दिसेल आणि वर्षभराचा दर चुकेल. सोबत दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांचे नंबर टिपा. एखादा नंबर सलग बारा वेळा दिसला, तर ते गिऱ्हाईक नव्हे.

११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम ते गरुड गणपती चौक हा तुकडा पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद ठेवला होता. रस्ता किती रुंद आहे हे त्या दिवशी दिसलं. पण एका दिवसाच्या उत्सवी गर्दीवरून विक्रीचा निष्कर्ष काढू नये, कोणत्याच बाजूने.

कापडबाजार

मोजणीला विरोध नाही. नंबर टिपायला आमच्या रस्त्यावरची दुकानं माणसं देतील. कामगारांच्या गाड्या रस्त्यावरून हटवायलाही तयार, पण त्यांना वाहनतळात महिन्याचा सवलतीचा पास हवा. महिना बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्याने रोज पार्किंगला तीस रुपये भरायचे कुठून?

माझी खरी अट पैशाची आहे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसले, तेव्हा मीटरचं उत्पन्न त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च करायचं ठरलं, म्हणून तिथले व्यापारी राजी झाले. इथेही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि पहिला खर्च स्वच्छतागृहांवर करा. चार तास बस्ता काढणाऱ्या बायकांना धड जागा नाही, आणि कित्येक कुटुंबं त्यापायीच लवकर उठतात. ते झालं तर पार्किंगचे चाळीस रुपये मी स्वतः बिलातून वजा करून देईन.

नकाशेकरी

स्वच्छतागृहांचं शंभर टक्के पटलं. वजावट मात्र फक्त वाहनतळाच्या पावतीवर द्या. रस्त्यावरच्या पावतीवर दिलीत तर रस्ता पुन्हा फुकट झाला, आणि वाहनतळाचे वरचे मजले रिकामेच राहतील.

कापडबाजार

चालेल. पण मग वाहनतळाची लिफ्ट दिवाळीतही चालू हवी. हातात सहा पिशव्या आणि सोबत आजी असताना कोणी तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढत नाही.