मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी सॉफ्टवेअर सुचवा (सांगली, बजेट ५०००)

हळदगाठ: सांगलीतल्या एका कॉलेजात टी.वाय.ला बोधनिक मानसशास्त्र शिकवते. मुलं ३६, संगणक ९, सगळे ४ जीबीचे आणि दोघांना माऊस नाही. नेट दुपारी हमखास जातं. स्ट्रूप (रंगाचं नाव भलत्याच रंगात लिहिलेलं, वाचायचं नाही, रंग सांगायचा), स्टर्नबर्गचा स्मृतीचा प्रयोग (दाखवलेला अंक आधीच्या यादीत होता का ते सांगायचं) आणि साधा प्रतिक्रिया काळ, एवढे तीन करून घ्यायचेत. कोडिंग येत नाही. पैसे ५००० मिळणार, तेही एकदाच. काय घेऊ?

घाटमाथा: ई-प्राइम, असल्या प्रयोगांचं विकतचं सॉफ्टवेअर. पुण्यात होतो तेव्हा आमच्या लॅबमध्ये तेच होतं. स्वस्तात गेलात की रडत बसाल.

हळदगाठ: बजेट लिहिलंय हो वर.

घाटमाथा: प्राचार्यांना पटवून द्या. असले खर्च एकदाच होतात.

कंदीपेढा_सातारा: सायकोपाय घ्या, फुकट आहे. नॉटिंगहॅमच्या जोनाथन पीअर्सनं सुरू केलेलं. त्यातल्या बिल्डरमध्ये डबे एकापुढे एक मांडत गेलं की प्रयोग उभा राहतो, कोड लिहावा लागत नाही. मी माझा स्ट्रूप एका रात्रीत केला, दुसऱ्या दिवशी वर्गात टाळ्या. फक्त पाव्हलोविया नावाच्या त्यांच्या साइटवर ऑनलाइन चढवू नका, तिथं दर सहभागीमागं पैसे पडतात.

मिरज_जंक्शन: ४ जीबीवर? उघडेपर्यंत मुलं कॅन्टीनला जाऊन येतील. सायटूलकिट बघा. ब्राउझरमध्ये चालतं, तयार प्रयोगांचा साठा आहे, फुकट आहे.

वाईकर: सायटूलकिट बघा, ब्राउझरमध्ये चालतं.

हळदगाठ: नेट दुपारी जातं आणि प्रात्यक्षिकं दुपारीच असतात...

स्टॉपवॉचसर: स्ट्रूपनं १९३५ साली कुठला संगणक वापरला होता? शंभर-शंभर शब्दांची कार्डं घेतली आणि अख्खं कार्ड संपायला किती वेळ लागला तो मोजला. मी २२ वर्षं कार्डांवर प्रात्यक्षिक घेतलं, एकाही एक्स्टर्नलनं हरकत घेतली नाही. प्रतिक्रिया काळाला फूटपट्टी सोडा. २० सेंमीवर पकडली तर साधारण २०० मिलिसेकंद. हिशेब गुरुत्वाकर्षणाचा, बॅटरी लागत नाही.

आकडेमोड: सर, स्ट्रूपपुरतं मान्य. पण स्टर्नबर्गच्या १९६६च्या प्रयोगात लक्षात ठेवायच्या यादीत एक अंक वाढला की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागतात. स्टॉपवॉचवर तुमचा अंगठाच त्याहून जास्त चुकेल. तो संगणकावरच घ्यायला हवा.

गेमर_कुपवाड: मग १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं. माझ्याकडं आहे, लोण्यासारखा चालतो.

हळदगाठ: नऊ मॉनिटर? ५००० मध्ये?

आकडेमोड: गरज नाही. कळफलकाचा आणि पडद्याचा ठरलेला उशीर दोन्ही अटींत (म्हणजे छोटी यादी असो की मोठी) सारखाच असतो, फरक काढताना वजा होतो. उरलेली चढउतार फेऱ्या वाढवल्या की सरासरीत मुरते. दर मुलामागं दहा फेऱ्यांवर थांबू नका, एवढं बघा.

कृष्णेकाठी: शब्द मराठीच ठेवा. मुलं मराठी माध्यमातली असतील तर इंग्रजी रंगनामं त्यांना सवयीनं वाचता येत नाहीत, आणि वाचन आपोआप होत नसेल तर अडथळा कमी पडतो. मी एकदा इंग्रजीत घेतलं, अर्ध्या वर्गात परिणामच दिसेना. जर्नलमध्ये काय लिहायचं म्हणून मुलं माझ्याच तोंडाकडं बघत बसली.

कंदीपेढा_सातारा: मराठीत घेताना सांभाळून. माझ्या एका जुन्या मशीनवर 'निळा'ची वेलांटी 'न'ला सोडून भलतीकडंच गेली. शेवटी शब्दांची चित्रं करून टाकली, तेव्हा नीट दिसले.

वाईकर: निळा की आभाळी? आमची आजी सगळ्याला हिरवंच म्हणते.

घाटमाथा: ई-प्राइममध्ये मॅन्युअल किती छान आहे, ते कुणी बघतच नाही.

मिरज_जंक्शन: साहेब, तुम्ही कमिशनवर आहात का?

घाटमाथा: अनुभव सांगतोय. नको असेल तर राहू दे.

हळदगाठ: सर्वांचे आभार. ठरलं. तुम्ही कुणीच न सांगितलेलं पेबल घेतलं. मिशिगन टेकच्या शेन म्यूलरचं, फुकट, तयार चाचण्यांचा संच सोबत येतो आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. कराडच्या भाचीनं पेनड्राइव्हवर आणून दिलं, आज पाच मशीनवर चढलंसुद्धा. सूचना इंग्रजीत येतात, त्या मी मोठ्यानं मराठीत सांगेन. ५००० मधून दोन माऊस, बाकी इन्व्हर्टरच्या बॅटरीला.

कंदीपेढा_सातारा: सायकोपाय बरं होतं ओ मॅडम. असो.

हळदगाठ: स्ट्रूप मात्र कार्डांवरच घेणार, मराठीत. स्टॉपवॉचसर, तुमची कार्डं एक दिवस द्याल? झेरॉक्स मारून लगेच परत आणून देते.

स्टॉपवॉचसर: या की. पण झेरॉक्स काळी येते बाई. रंगीत प्रिंट काढा.