चार पूर्णांक नऊ तारे आणि न्हाणीघरातला गॅस गिझर

पायवाट

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण नागावला गेलो होतो. सासूबाई, नणंद, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. अॅपवरून 'होमस्टे' म्हणून बंगला घेतला होता, तारे ४.९ आणि अभिप्राय शंभराच्या वर. समुद्र चालत पाच मिनिटांवर, अंगणात झोपाळा, जेवण सांगाल तसं. फोटोत होतं तसंच सगळं होतं, खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आंघोळीला गेली. गॅस गिझर न्हाणीघराच्या आतच होता, आणि एकुलत्या एक खिडकीवर डास येऊ नयेत म्हणून अॅक्रिलिकची काच पक्की बसवलेली. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून नणंदेनं दार वाजवलं. लेकीनं कशीबशी कडी काढली, "आत्या, गरगरतंय" म्हणाली आणि तिथेच उलटी केली. अलिबागला डॉक्टरांकडे नेईपर्यंत माझे पाय लटपटत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गिझर गॅसचा होता का?" ऑक्सिजन लावला, रात्रीपर्यंत ठेवून घेतलं. ती बरी आहे. नणंदेनं आणखी दहा मिनिटं वाट पाहिली असती तर काय, हा विचार मात्र अजूनही मला रात्री उठवतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बंद जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस तिथेच बसून राहतो. २०२२ मध्ये मेक्सिको सिटीत सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये तीन अमेरिकन प्रवासी याच वायूने गेले.

घरी आल्यावर मी त्या बंगल्याचे सगळे अभिप्राय बसून वाचले. झोपाळा, सुरमईचं कालवण, केअरटेकर काकांचा स्वभाव, मालकांचा कुत्रा. गिझरबद्दल एक अक्षर नाही. तारे पाहुणचाराला मिळतात. त्या घराची वायरिंग, गॅस, जिन्याचे कठडे यांकडे यादीत येण्याआधी कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. अॅपने मला एका रात्रीचे पैसे परत दिले. बंगला अजून यादीत आहे, ४.९ वर.

माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर हॉटेलातच उतरावं. आणि कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन तपासल्याशिवाय एकही घर अॅपवर येऊ देऊ नये.

कौलारू

ताई, लेक सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मी २०११ पासून श्रीवर्धन तालुक्यात घरच्याच तीन खोल्या पाहुण्यांना देतो. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असा पाटी लावलेला धंदा. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी आहे. आम्ही नवराबायको त्याच घरात झोपतो. दोन वर्षांपूर्वी ठाण्याचे एक काका रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणाले, तर मी लुंगीवरच गाडी काढली. हे हॉटेलचा नाइट मॅनेजर करील का?

तुम्ही ज्याला होमस्टे म्हणताय तो होमस्टे नव्हे. मुंबईच्या मालकाने विकत घेतलेला, वर्षातून दोनदा पाहिलेला, केअरटेकरच्या भरवशावर सोडलेला बंगला तो. त्याला आणि आम्हाला एकाच गोणीत घालू नका. आमच्याकडे अजून मागीलदारी तांब्याचा बंब पेटतो. पाणी बादलीतून न्हाणीत जातं, आग बाहेरच राहते.

आणि हॉटेल म्हणजे सुरक्षित, हे कुठून आलं? दिल्लीत करोल बागेतल्या हॉटेलात फेब्रुवारी २०१९ मध्ये आग लागून १७ माणसं गेली. त्या कुणाच्या घरातल्या खोल्या नव्हत्या, रीतसर चालणारं हॉटेल होतं. पाटी हॉटेलची असली म्हणून जीव वाचत नाही. जीव वाचवतो तो घरात हजर असलेला, शुद्धीवर असलेला मालक.

उंबरठा

मी कामासाठी महिन्यातले आठ-दहा दिवस एकटी फिरते, त्यामुळे थोडं वेगळं लिहिते.

कौलारू दादा, मालक घरात असणं हा तुम्हाला दिलासा वाटतो. एकटीने राहणाऱ्या बाईला तो दरवेळी दिलासा नसतो. एका ठिकाणी मालक "टॉवेल ठेवायला" म्हणून स्वतःची किल्ली लावून आत आले होते, मी खोलीत असताना. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण दाराला आतून कडीच नव्हती, फक्त लॅच. तेव्हापासून बुकिंग करण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: दाराला आतून कडी आहे का? किती जणांना या प्रश्नाचा राग येतो, ऐकून आश्चर्य वाटेल. "ताई, आमच्याकडे सगळी फॅमिली क्राउड असते" हे कडीच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

दुसरी गोष्ट डिजिटल कुलुपाची. आधीच्या पाहुण्याला दिलेला आकडा बदलला का, हेही विचारते. तिसरी कॅमेऱ्याची. घराच्या आत कॅमेरा लावायला एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या अॅपने जगभर पूर्ण मनाई केली ती ३० एप्रिल २०२४ पासून. त्याआधी आधी कल्पना दिलेली असेल तर दिवाणखान्यात कॅमेरा चालत असे. एवढ्या मोठ्या कंपनीला हे ठरवायला सोळा वर्षं लागली. आपल्याकडे संमतीशिवाय खासगी अंगाचं चित्रण केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कॅमेरा सापडला तर पुढची गोष्ट.

तरीही पायवाट ताई, मी हॉटेलकडे परतणार नाही. छोट्या शहरातल्या लॉजच्या काउंटरवर "एकट्याच का?" या प्रश्नाला मी शंभरदा तोंड दिलंय. रत्नागिरीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी मी पाच वर्षं उतरते. तिथे झोप लागते तशी कुठल्याही लॉजवर लागत नाही.

आधार कार्डाचं राहिलंच. व्हॉट्सॲपवर पूर्ण आधारचा फोटो पाठवू नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, तेच द्या.

तिसरा मजला

सगळे पाहुण्यांच्या बाजूने बोलताय. शेजाऱ्यांचं कोण बोलणार?

पुण्यात आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत. त्यातले चार आता रोजच्या भाड्याने जातात. रात्री दीडला चाकाच्या बॅगांचा खडखडाट, लिफ्टमध्ये रोज नवे चेहरे. वॉचमनने नाव विचारलं तर तोच उद्धट ठरतो. अकरा महिन्यांचा भाडेकरू ठेवताना आम्ही करार नोंदवतो, पोलिसांकडे माहिती देतो. दोन रात्रींच्या माणसाचं काय? परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. आमच्या चार मालकांपैकी तिघांना हा नियमच ठाऊक नव्हता.

आग लागली तर कोणत्या फ्लॅटमध्ये किती माणसं आहेत हे अग्निशमनच्या लोकांना मी सेक्रेटरी म्हणून सांगू शकत नाही. ही माझी रात्रीची काळजी आहे.

न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम लावला: नोंदणी हवी, मालक स्वतः घरात हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने तर २०२८ पर्यंत पर्यटक फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं ठरवलंय, दहा हजारांच्या वर आहेत ते. राहत्या इमारतीतलं हे आपल्याकडेही बंदच व्हावं.

थेम्सकाठ

बंदीला माझा विरोध. आई-बाबा आणि आजी इकडे लंडनला येतात तेव्हा आम्ही सात जण असतो. आजीला कांदा-लसूण चालत नाही, सकाळी सहाला चहा लागतो. हॉटेलच्या तीन खोल्यांत हे कुटुंब कसं मावणार? स्वयंपाकघर असलेलं घर ही आमच्यासाठी गरज आहे.

पण पायवाट ताईंनी विचारलेलं "तपासतं कोण?" याला एक उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही एडिंबराला गेलो होतो. स्कॉटलंडमध्ये अशा घरांना परवाना सक्तीचा आहे, जुन्या मालकांना अर्ज करायला १ ऑक्टोबर २०२३ ही शेवटची तारीख होती. परवान्याच्या अटींत धुराचे अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दरवर्षी गॅसची तपासणी आणि वायरिंगचा अहवाल येतो. जाहिरातीत परवाना क्रमांक छापावा लागतो. आमच्या घरात गॅसचा दाखला चक्क स्वयंपाकघरात फ्रेम करून लावला होता. बाबा तो चष्मा लावून वाचत उभे राहिले.

लंडनमध्ये वेगळं आहे. इथे पूर्ण घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त द्यायला परवानगी लागते. त्या नियमाने शेजाऱ्यांचा, घरटंचाईचा प्रश्न थोडा हलतो. पण ९० रात्रींचा नियम गिझरकडे बघत नाही. तिसरा मजला, तुमचा प्रश्न आणि ताईंचा प्रश्न हे दोन वेगळे आहेत. न्यूयॉर्कसारखा नियम लावला तरी मालक घरात असेल आणि गिझर न्हाणीतच असेल.

मांडवी

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पाहुण्यांना पैसे घेऊन घर द्यायचं तर खात्यात नोंदणी हवी. तरी आसगाव, शिवोलीच्या बाजूला दर गल्लीत बिननोंदणीचे व्हिला आहेत. तेव्हा कायदा केला म्हणजे झालं, असं समजू नका.

नोंदणीचा उपयोग मात्र आहे. माझ्या मित्राच्या भावाने इन्स्टाग्रामवरून व्हिला ठरवला, चाळीस हजार यूपीआयने आगाऊ भरले. पोचला तर त्या घरात मालक स्वतः कुटुंबासह राहत होते. त्यांच्या घराचे फोटो दुसऱ्याच कोणीतरी उचलले होते. बिचारे स्वतःच गोंधळले, यांना पाणी दिलं, चहा दिला. दरम्यान समोरच्याचा फोन बंद. नोंदणी क्रमांक मागितला असता तर पहिल्याच मिनिटाला उघडं पडलं असतं. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर केलात तर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

कौलारू

थेम्सकाठ, स्कॉटलंडचं वाचलं. मला अलार्म लावायला हरकत नाही, उद्या लावतो. मला भीती आहे ती परवान्याची. साध्या नोंदणीसाठी मी तालुक्याला आणि अलिबागला किती फेऱ्या मारल्या ते मलाच माहीत. मुंबईवाला बंगलेमालक एजंट लावून आठवड्यात कागद करून घेईल. माझ्या शेजारची आजी, जिच्या दोन खोल्यांवर नातवाची फी भरली जाते, ती धंदाच बंद करील. मग तुम्हाला मिळतील ते फक्त केअरटेकरवाले बंगले.

उंबरठा ताई, कडीचं तुम्ही म्हणालात ते मनाला लागलं. आमच्या एका खोलीला आतून कडी नाही. आजवर कोणी विचारलं नाही म्हणून सुचलं नाही. आज संध्याकाळी सुतार येतोय.

पायवाट

सगळ्यांचं वाचलं. कौलारू दादा, तुमच्या शेजारच्या आजींचा धंदा बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण "आजवर कोणी विचारलं नाही" हे वाक्य मी नागावच्या काकांच्याही तोंडून ऐकलं आहे, आणि तेही चांगलेच गृहस्थ होते. दवाखान्यात आमच्याबरोबर दिवसभर बसले होते. चांगुलपणा आणि गिझरची जागा यांचा एकमेकांशी संबंध नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. परवाना नको तर नको, पण न्हाणीत गॅस जळणार नाही, पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण असेल आणि दाराला कडी असेल, एवढं तरी अॅपने प्रत्येक घराकडून फोटोसह घ्यावं. फोटो नाही तर जाहिरात नाही. झोपाळ्याचे वीस फोटो मागतात, मग गिझरचा एक मागायला काय हरकत आहे?

हॉटेलातच उतरावं, हे मी मागे घेते. सासूबाईंना हॉटेलात पाठ टेकवत नाही, आणि लेकीला समुद्र हवाच आहे. मे महिन्यासाठी दापोलीच्या बाजूला पाच घरांना निरोप पाठवला: न्हाणीघराचा फोटो पाठवा, गिझर आणि खिडकी दोन्ही दिसतील असा. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने "गिझर चांगल्या कंपनीचा आहे" असं कळवलं. एकाने फोटो पाठवला, गिझर आतच होता. पाचव्या बाईंनी फोटो पाठवला त्यात न्हाणीत नुसता नळ, आणि दुसऱ्या फोटोत घराच्या मागच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाखाली गिझर. खाली लिहिलं होतं, "गेल्या वर्षी बाहेर काढला, पाईप जरा लांब पडतो, पाणी यायला वेळ लागेल, चालेल ना?"

त्यांच्याकडे बुकिंग केलं आहे.