तेलातलं पाणी थिकनेस गेजने कळेल का?

प्रश्न:
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. प्रेसच्या टाकीतलं ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल दर पावसाळ्यात दुधाळ होतं आणि डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, मागच्या वर्षी पंपच बदलावा लागला. क्वालिटी विभागात अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज आहे, म्हणजे आवाजाची लाट परत यायला लागणाऱ्या वेळेवरून जाडी मोजणारं यंत्र. आवाजाचा वेग तेलात वेगळा, पाण्यात वेगळा, मग त्यानेच तेल तपासता येईल ना? कुणी केलंय का?

चाकणवाला:
मी केलंय दादा, ५० मिमीच्या डब्यात तेल भरून. नाही जमलं. तेलात वेग सेकंदाला १४०० ते १४५० मीटर, पाण्यात १४८० च्या आसपास, म्हणजे फरकच मुळात थोडा. १ टक्का पाणी मिसळलं तरी वेग एक मीटरनेही हलत नाही आणि तेल नुसतं एक डिग्री तापलं की ३-४ मीटरने उतरतो. सकाळचं रीडिंग वेगळं, दुपारचं वेगळं, मी उगाच पाणी पाणी करत बसलो. आणि १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाखांत दहा हजार भाग), बेअरिंगला त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो.

ऑइल लॅब:
वेगापेक्षा सिग्नल किती क्षीण होतो ते मोजणं जास्त कामाचं, कारण पाण्याच्या बारीक थेंबांवर लाट विखुरते. पण दोन अडचणी आहेत. विरघळलेल्या पाण्याचे थेंबच नसतात, ते यात दिसणारच नाही. आणि हवेचे बुडबुडे पाण्यापेक्षा जास्त गोंधळ घालतात, बुडबुडे जावेत म्हणून सॅम्पल ठेवून दिलं तर मोकळं पाणी पण तळाला जातं! साधं थिकनेस गेज तसंही सिग्नलची ताकद दाखवत नाही, त्यासाठी फ्लॉ डिटेक्टर (धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासॉनिक यंत्र) लागेल.

जुना फिटर:
आधी तवा टेस्ट करा. हॉटप्लेट १५० ते १६० डिग्रीला, त्यावर तेलाचा एकच थेंब, तडतडला की पाणी आहे. साधारण ५०० पीपीएमच्या पुढे कळतं. गॉगल घालाच, तेल उडतं. नेमका आकडा हवा तर लॅबमधे कार्ल फिशर, म्हणजे पाणी मोजायची रासायनिक टेस्ट. आणि पाणी येतंय कुठून ते बघा ना, ब्रीदर (टाकीत हवा आत-बाहेर जायचं तोंड) की ऑइल कूलर?

प्रश्नकर्ता:
आत्ताच बघून आलो. ब्रीदरची जाळी फाटलीये, आणि बरोबर वरचा पत्रा गळतोय. सिलिका जेलवाला ब्रीदर मागवतो, उद्या तव्यावर थेंब टाकून कळवतो.