मदत हवी आहे: फील्डसाठी हँड लेन्स १० पट घ्यावी की २० पट?

नमस्कार. मी इंदूरची. मुलगी भूशास्त्रात एम.एस्सी. करतेय. दिवाळीनंतर तिच्या वर्गाचं फील्ड धार जिल्ह्यात, बागकडे आहे. तिला स्वतःची चांगली लेन्स घेऊन द्यायची आहे. जानापाव, पाताळपाणीकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतलं झिओलाइट खनिज नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, पण बागच्या चुनखडीतल्या ब्रायोझोआच्या (समुद्रातल्या चिमुकल्या जीवांच्या जीवाश्मांच्या) बारीक खळ्या भिंगाशिवाय कळायच्या नाहीत.

ऑनलाइन '४० पट, २५ मिमी' लिहिलेली स्वस्तात मिळतायत. सराफ्यात एका दुकानदारांनी १० पटीचं ट्रिपलेट (तीन काचा जोडलेलं भिंग) दाखवलं. ते फील्डवर चालेल का? की २० पट बरं? तिला मायनस नंबरचा चष्मा आहे, तो काढून बघायचं का? आणि पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, त्याचं काय करावं?

प्रतिसाद:
ताई, सराफ्यातलंच घ्या. हिऱ्याची शुद्धता १० पटीच्या भिंगाखालीच ठरवतात, आणि दगडांनाही तेच पुरतं. १० पटीत दगड भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर येतो, २० पटीत जेमतेम सव्वा. इतक्या जवळ स्वतःचीच सावली पडते, आणि ओबडधोबड दगडाचा एक कण स्पष्ट झाला की शेजारचा धूसर होतो. २० पट पुढे कधीतरी, दुसरी लेन्स म्हणून. '४० पट'वर अजिबात विश्वास ठेवू नका. खरोखर ४० पटीचं भिंग दगडापासून सहा-सात मिलिमीटरवर धरावं लागेल, आणि २५ मिमी रुंद काचेत ते जमत नाही.

दुकानात जाताना आलेखाचा कागद न्या. रेघा कडेपर्यंत सरळ आणि बिनरंगी दिसल्या तर ट्रिपलेट खरं.

बघण्याची रीत मात्र तिला पहिल्याच दिवशी लावा: भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, दगड भिंगाकडे आणायचा, तोंड उजेडाकडे. बरेच विद्यार्थी भिंग दगडावर धरून लांबून बघतात, त्यात निम्मं हुकतं. मायनस नंबर असेल तर चष्मा काढावा, दगड थोडा पुढेमागे केला की चित्र जुळतं. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा डोळ्यांवर राहू दे.

धूळ ओढणीने पुसू देऊ नका. क्वार्ट्झचा कण काचेहून कठीण, एका फेरीत ओरखडा पडतो. आधी ब्लोअरने उडवायची, मग मऊ कापड. ट्रिपलेटच्या तीन काचा चिकटवलेल्या असतात, म्हणून पाण्यात किंवा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचं नाही. चुनखडीवर आम्लाचा थेंब टाकला की फसफस थांबल्यावर दगड धुवायचा, मगच भिंग लावायचं. पावसाळ्यात चामड्याचं पाकीट ओल धरतं, त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल. गळ्यात दोरी हवीच, भडक रंगाची.

धन्यवाद दादा. तिला सिलिंडरचा नंबर थोडाच आहे, दोन्ही प्रकारे बघून घेऊ. दिवा लावलेलं मिळतं, ते घ्यावं का?

दिवसा गरज नाही, आणि सेल संपला की नुसतं ओझं. तेवढ्याच पैशांत काच चांगली घ्या.